स्क्रू-माउंट रेंजफाइंडर आज नव्यानं बनवायचा ठरला, तर काय ठेवाल आणि काय सोडाल?

गेजब्लॉक (पुणे)

नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण बरेच महिने डोक्यात घोळतोय, म्हणून सविस्तरच लिहिते.

मी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये तपासणीला आहे. बावीस वर्षं झाली. सरफेस प्लेट, स्लिप गेज, डायल अशा मोजमापाच्या साधनांतच दिवस जातो. घरी आजोबांचा लायका थ्री-सी आहे, जुना जर्मन स्क्रू-माउंट रेंजफाइंडर कॅमेरा: लेन्स आट्यांवर फिरवून बसते आणि दोन खिडक्यांतून बघून फोकस लावायचा. साताऱ्यात राजवाड्याजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पन्नासच्या दशकात त्यांनी तो एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून जुनाच घेतला, सोबत मिटणारी एल्मार लेन्स, ५ सेंमी, एफ ३.५. स्टुडिओतली कामं मोठ्या कॅमेऱ्यावर व्हायची. लायका मात्र वरातीला, संगम माहुलीच्या घाटावर, कासच्या वाटेवर त्यांच्या कोटाच्या खिशातून जायचा. आता तो माझ्याकडे आहे, आणि कपाटात ठेवलेला नाही. महिन्याला एक रोल तरी होतोच.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. लेन्सला झाकण न लावता कॅमेरा गच्चीच्या कठड्यावर ठेवला आणि बोलण्यात गुंतले. दुपारचं ऊन लेन्समधून थेट शटरच्या कापडी पडद्यावर पडलं. भिंगानं कागद जाळतात ना, तसंच. पडद्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं. पुढच्या रोलच्या प्रत्येक फोटोत, एकाच जागी, पांढरा ठिपका. आजोबांनी तीसेक वर्षं जपलेला पडदा मी पंधरा मिनिटांत घालवला. त्या दिवसापासून हा विचार सुरू झाला, की हाच कॅमेरा आज कोणी पहिल्यापासून बनवायला घेतला, तर त्यात काय तसंच ठेवायला हवं आणि काय बदलायला हवं?

आधी माझ्या दृष्टीनं काय ठेवायलाच हवं ते सांगते.

१९२५ साली लायप्झिगच्या जत्रेत लायका लोकांसमोर आला, ही गोष्ट सगळे सांगतात. दम्यामुळे तो घडवणाऱ्या ऑस्कार बार्नाक यांना अवजड प्लेट कॅमेरे झेपत नव्हते, हेही सगळ्यांना माहीत असतं. माझ्यासाठी मोठी तारीख १९३१ आहे. त्याच्या आदल्या वर्षी लायकाची लेन्स काढता-घालता येऊ लागली होती, पण प्रत्येक लेन्स ज्या बॉडीसोबत जायची तिलाच जुळवलेली असायची. एकाची लेन्स दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर लावली तर फोकस चुकणार. १९३१ मध्ये लायका बनवणाऱ्या लायट्झ कंपनीनं ठरवून टाकलं, की माउंटच्या पृष्ठभागापासून फिल्मपर्यंत २८.८ मिलिमीटर. ज्या बॉडीवर हे अंतर पक्कं केलेलं असे, तिच्या माउंटवर वरच्या बाजूला छोटंसं शून्य कोरलं जाई. त्या काळातला असा कॅमेरा हातात आला तर लेन्स काढून बघा, बाराच्या जागी शून्य दिसेल.

आमच्या धंद्यात अशा शून्याची किंमत फार. ‘हा भाग जुळवलेला नाही, मोजलेला आहे’, असं ते शून्य सांगतं. ते नसतं तर कॅनन, निक्का, लिओटॅक्स, इंग्लंडचा रीड, खारकीवचा फेड, क्रास्नोगोर्स्कचा झोर्की ही सगळी भावंडं एकमेकांच्या लेन्स वापरू शकली नसती. युद्धानंतर जर्मन पेटंटं खुली झाली आणि हा माउंट कोणाच्याच मालकीचा उरला नाही. ३९ मिलिमीटर व्यास, इंचाला २६ आटे, २८.८ अंतर. चांगला लेथ आणि चांगला माणूस असेल तर हे भोसरीत होतं, शिरोलीत होतं, राजकोटला होतं. खटक्यानं बसणाऱ्या संगीन-माउंटमध्ये स्प्रिंग आली, खटका आला, तीन-चार पाकळ्यांचं मिलिंग आलं. आट्यात फक्त आटे. म्हणून नवा कॅमेरा निघाला तर स्क्रू-माउंटचाच निघावा असं मला मनापासून वाटतं. लेन्स बदलायला तीन-चार फेरे लागतात हे कबूल, पण तेवढे फिरवायला माझी काही हरकत नाही.

दुसरी ठेवायची गोष्ट म्हणजे रेंजफाइंडरचा पाया. थ्री-सीच्या दोन खिडक्यांमधलं अंतर जेमतेम ३९ मिलिमीटर. पण आत दीडपट मोठं दाखवणारी दुर्बीण आहे, म्हणून प्रत्यक्षात तो ५८ मिलिमीटरच्या पायासारखा वागतो. १९५४ च्या लायका एम-थ्रीचा हाच हिशोब साधारण ६२ येतो. म्हणजे एवढ्याशा डबीनं जवळपास तेवढंच साधलं होतं. हा आकडा किती नाजूक आहे बघा: वस्तू एक मीटरवर असेल तर दोन खिडक्यांतून तिच्याकडे जाणाऱ्या रेषांत सव्वादोन अंशांचा कोन होतो. दहा मीटरवर तोच ०.२२ अंश. आणि लेन्स एक मीटरपासून अनंतापर्यंत जाताना पुढे-मागे सरकते किती, तर तीन मिलिमीटर. सगळा खेळ तेवढ्यात.

थ्री-सीच्या आधीच्या थ्री-बी पासून फोकसचं छिद्र आणि चौकट बघायचं छिद्र अगदी शेजारी-शेजारी आलं. लोक याला जुनाट म्हणतात. मला ते आवडतं. एका छिद्रात फक्त फोकस, मोठा आणि स्पष्ट. डोळा किंचित सरकवला की दुसऱ्यात फक्त चौकट. दोन कामं, दोन जागा. आणि रिवाइंडच्या गुंडीखाली जो छोटा दांडा आहे, त्यानं फोकसचं छिद्र आपल्या नजरेप्रमाणे लावता येतं. माझा चष्म्याचा नंबर तीन वर्षांत दोनदा बदलला, कॅमेऱ्याला काही फरक पडला नाही.

आता सोडायचं काय? तळातून रोल भरणं मी सोडीन, जड मनानं. या कॅमेऱ्याला मागचं दार नाही. खालची पट्टी काढून रोल सरकवायचा, त्यासाठी फिल्मची जीभ दहा सेंटिमीटर लांब आणि अर्ध्या रुंदीची कापायची. हल्लीच्या रोलची जीभ आखूड येते. आजोबा कात्रीनं अंदाजानं कापायचे आणि कधी चुकायचे नाहीत. मी चुकते. कात्री भोकावरून गेली की तिथून कपची फाटते आणि शटरमध्ये जाऊन बसते. लायट्झ यासाठी ‘आब्लोन’ नावाचा धातूचा साचा विकायची. मी तसा साचा एक मिलिमीटर पितळी पत्र्यात वायरकटवर कापून घेतलाय. पण नव्या माणसाकडून ही अपेक्षा कशाला करायची? बंद डबा ताठ राहतो हे खरं, पण फिल्मची पातळी ठरते ती आतल्या रुळांवर, दारावर नाही. रूळ आणि माउंट एकाच ओतीव भागात असले की दार असून बिघडत नाही.

पडद्याचं मात्र मला कळत नाही. कापड ठेवावं, की धातू? आणि उजेड मोजणारा लाइटमीटर आत असावा का? ज्यांनी वापरलंय, दुरुस्त केलंय, त्यांनी सांगावं.

अंधारखोली (कोल्हापूर)

ताई, साताऱ्याच्या स्टुडिओचं वाचून बरं वाटलं. माझाही कोल्हापुरात स्टुडिओ होता, १९७४ ते २००९. आता डोळे साथ देत नाहीत, पण बोटांना सगळं आठवतं.

तुमच्या ३९ मिलिमीटरच्या आट्याबद्दल एक गंमत सांगतो. तोच आटा एन्लार्जरच्या, म्हणजे निगेटिव्हवरून फोटो मोठा करायच्या यंत्राच्या, लेन्सलाही असतो. माझ्याकडे झोर्की होता आणि एन्लार्जरवर ५० मिलिमीटरची एल-निक्कोर. एकदा झोर्कीच्या लेन्सचं फोकसचं कडं अडकलं म्हणून मी ती उतरवली आणि एन्लार्जरची काढून कॅमेऱ्यावर फिरवली. अगदी घट्ट बसली! फोकस अर्थातच होईना, कारण पुढे-मागे करायला तिच्यात काहीच नाही, ते काम एन्लार्जरचा भाता करतो. पण अंधारखोलीतलं भिंग आणि उजेडातलं भिंग एकाच आट्यावर चालतं याचं मला फार अप्रूप वाटलं होतं. ज्यानं नवा कॅमेरा काढायचा, त्यानं हा आटा सोडू नये, या मताचा मीही आहे.

तळातून रोल भरायचं सोडू नका असं मात्र सांगेन. तुम्ही म्हणता नव्या माणसाला जमणार नाही. मला सोळाव्या वर्षी जमलं. वरातीत, गॅसबत्तीच्या उजेडात, माणसं अंगावर येत असताना जमलं. कापायचा साचा पेटीत द्यावा, तुम्ही बनवलाय तसाच, आणि बनवणाऱ्यानं सोबत एक वाया गेलेला रोल सरावाला द्यावा. दहा वेळा भरला की हाताला कळतं. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ साली आपल्या देशात फिरत होते ते याच जातीचा लायका घेऊन, एम-थ्री तेव्हा जन्मालाच आला नव्हता. ३० जानेवारीला ते गांधीजींना भेटून निघाले, आणि थोड्याच वेळात परत बिर्ला हाउसच्या फाटकाशी येऊन, गांधीजी गेल्याचं लोकांना सांगणाऱ्या नेहरूंचा तो फोटो त्यांनी काढला. उजेड नाही, चित्र हललेलं, आणि तरी त्या रात्रीबद्दल त्याहून खरं काही मी पाहिलेलं नाही. त्या धावपळीतही रोल खालूनच भरला असेल की.

आणि हे आपल्याकडे होईल का, अशी शंका घेऊ नका. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी याच कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला. एक विलायती कॅमेरा बघून, सुटे भाग इथेच घडवून. पुढे ‘प्रभात’मुळे गाजलेले दामले त्यांच्या हाताखाली होते. तेव्हा आमच्याकडे शिरोलीची औद्योगिक वसाहतही नव्हती.

योकोहामाहून

नमस्कार गेजब्लॉक. तुमचा प्रश्न इथे जपानात दोनदा विचारून झालाय, आणि दोन्ही वेळा त्याचं उत्तर म्हणून कॅमेरा बाजारात आला. त्यातला एक मी नऊ वर्षं वापरतोय, म्हणून लिहितो.

पहिला होता यासुहाराचा टी-९८१. एका अभियंत्यानं नोकरी सोडून सुरू केलेली छोटीशी कंपनी, नव्वदच्या दशकाच्या अगदी अखेरीस. कॅमेरा चीनमध्ये बनवून घेतला. स्क्रू-माउंट, उभा धातूचा पडदा, आत मीटर. त्याच सुमारास कोसिनानं फॉइग्टलँडर हे जुनं नाव घेऊन १९९९ मध्ये बेसा-एल आणि २००० मध्ये बेसा-आर आणला. माझ्याकडे बेसा-आर आहे. मागचं दार उघडतं, रोल दहा सेकंदांत भरतो, मीटरचे तीन दिवे चौकटीच्या खाली दिसतात, वेग १/२००० पर्यंत. बॅटरी संपली तरी शटर चालतं, फक्त मीटर बंद. चौकटी ३५-९०, ५० आणि ७५ च्या, बोटानं बदलायच्या. वजन चारशे ग्रॅमच्या आत. तुम्ही मागताय त्यातलं बरंच त्यात आहे.

पण तुमचा मोठा आग्रह आहे तिथेच तो कमी पडतो. पाया ३७ मिलिमीटर, आणि दुर्बिणीऐवजी ०.६८ पट लहान करून दाखवणारी खिडकी. गुणाकार केला तर २५ येतो. म्हणजे १९४० च्या थ्री-सीच्या निम्म्याहून कमी! ३५ मिलिमीटरच्या लेन्सला काही जाणवत नाही. ५० च्या एफ १.५ नोक्टनवर, उघड्या तोंडानं, दीड मीटरवर माझ्या मुलीचे फोटो काढले तर दर तिसऱ्या फोटोत डोळ्याऐवजी कान स्पष्ट. शिवाय वरचं झाकण प्लास्टिकचं आहे आणि शटरचा आवाज खणखणीत आहे. कोसिनानं स्वतःच्या एसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या, सांगाड्यावरच तो उभा केला होता, म्हणून एवढ्या कमी किमतीत देऊ शकले. त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तो नसता तर या माउंटकडे नवी पिढी वळलीच नसती. पुढच्या बेसा लायकाच्या एम-माउंटवर, म्हणजे संगीन-माउंटवर, गेल्या, आणि २०१५ मध्ये ती मालिकाच थांबली.

दोन छिद्रांच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही. कॅननचा ‘पी’ कधी डोळ्याला लावून पाहा. १९५९ चा. स्क्रू-माउंटच, पण खिडकी एकच आणि ती एकास एक. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर रस्ता जसाच्या तसा दिसतो आणि त्यावर ३५, ५०, १०० च्या चौकटी तरंगतात. पाया ४१, लहान-मोठं काही करत नाही, म्हणून ४१ चा ४१. थ्री-सीइतका नाही, बेसाहून कितीतरी बरा. मुलं, सायकली, मांजरं, म्हणजे जे थांबत नाही त्याच्यासाठी डोळा एका छिद्रातून दुसऱ्यात नेईपर्यंत वेळ निघून जातो.

आणि तुमच्या पडद्याचं उत्तरही ‘पी’मध्ये आहे. आडवा धावणारा, पण पातळ पोलादाचा. उन्हानं जळत नाही. रोल भरताना अंगठा लागला तर मात्र त्याला सुरकुती पडते आणि ती कायमची राहते. माझ्या ओळखीत बिनसुरकुतीचा ‘पी’ मी एकच पाहिलाय. सुरकुती असली तरी बहुतेक चालतात.

नव्यानं बनवणं शक्य आहे का? निकॉननं २००० साली एस-थ्री आणि २००५ साली एसपी पुन्हा बनवून दाखवले. माउंट त्यांचा वेगळा, पण रेंजफाइंडर तोच जुना, यांत्रिक. पेंटॅक्सनं २०२४ मध्ये ‘१७’ हा फिल्म कॅमेरा काढला, तेव्हा हातानं फिल्म ओढायची यंत्रणा आजच्या अभियंत्यांनी निवृत्त झालेल्या जुन्या लोकांकडून समजून घेतली. माणसं आहेत तोवर विचारून घेतलं, एवढंच त्यांनी केलं आणि ते फार मोलाचं केलं.

छोटा पाना (मुंबई)

ताई, मी फोर्टात बोरा बाजाराच्या आतल्या बाजूला कॅमेरे दुरुस्त करतो. वडीलही हेच करायचे. लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

पडद्याचं सांगतो. कापडच ठेवा. पोलादी पडद्याला सुरकुती पडली की माझ्याकडे उपाय नाही, दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून काढून लावायचा, बस. कापड मी बदलू शकतो. मी बदलू शकतो म्हणजे शिकलेला कोणीही बदलू शकतो. पण ते कुठलंही काळं कापड चालत नाही. रबर लावलेलं रेशमी कापड लागतं, उजेड न गळणारं आणि पातळ. कापड जाड पडलं की ड्रमवरची गुंडाळी फुगते. गुंडाळी फुगली की पडदा सुरुवातीला एका वेगानं जातो आणि शेवटी दुसऱ्या. १/१००० ला दोन पडद्यांमधली फट जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची असते. तिथे एवढासा फरक आला तरी फोटोची एक बाजू काळवंडते. लोक छत्रीचं कापड लावून आणतात, मग फोटो अर्धा का जळाला विचारतात. गोंदही लवचीक हवा. वाळून कडक झाला की पडदा सहा महिन्यांत चिरतो.

नवा कॅमेरा काढणाऱ्याला माझी मागणी एकच: पडद्याचा तयार जोड, फिती लावलेला, पाकिटात घालून विकत मिळाला पाहिजे. माप छापून मिळालं पाहिजे. माझ्याकडे वर्षाला वीस-पंचवीस स्क्रूवाले येतात, फेड आणि झोर्की जास्त. त्यातले निम्मे पडद्यासाठीच येतात.

आट्याबद्दल जरा जपून. तुम्ही म्हणता सगळी भावंडं. सावत्र पण आहेत. युद्धाआधीच्या फेडला तुमचं २८.८ लागू नाही, तिथे प्रत्येक लेन्स तिच्याच बॉडीची. अगदी जुन्या कॅननला इंचाला २४ आटे, त्यावर लायकाची लेन्स एक फेरा जाते आणि अडते. तिथे जोर लावला की आटे गेले. रशियन आटा १ मिलिमीटरचा, तुमचा इंचाला २६ म्हणजे ०.९७७. चार फेऱ्यांत नऊ शतांशांचा फरक पडतो, म्हणून रशियन लेन्स लायकावर शेवटी घट्ट लागते. बसते, पण शेवटचा फेरा मी हातानं जाणवूनच देतो, पकड कधीच लावत नाही.

आणि रेंजफाइंडरचे स्क्रू बाहेरून लागू द्या. लायकात समोरचा छोटा स्क्रू काढला की आत अनंताचा स्क्रू (फार लांबच्या वस्तूवर रेंजफाइंडर जुळवायचा) दिसतो, झाकण उघडावं लागत नाही. ज्यानं हे केलं त्याला माझ्यासारख्याची काळजी होती. कॅमेरा कधीतरी पडणारच, जिल्ह्याच्या गावातल्या माणसाला तो तिथेच, त्याच दिवशी लावून देता आला पाहिजे.

नवीन रोल (नागपूर)

मी यात सगळ्यात लहान असेन. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मावशीनं दिलेल्या फेड-२ वर शिकतेय. गेजब्लॉक ताई, तुमचं ०.२२ अंशांचं वाचून मी वहीत त्रिकोण काढून पाहिला, बरोबर आला!

मला मीटर हवा. फिल्म महाग आहे, माझा महिन्याचा खर्च एका रोलवर थांबतो. छत्तीसमधले दहा अंदाजात गेले की फार वाईट वाटतं. आजोबांच्या पिढीला रोजच्या कामातून उजेड कळायचा, मला अजून कळत नाही. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन मी नेहमी कमी धरते आणि निगेटिव्ह काळीकुट्ट निघते. आमच्याकडे रंगीत रोल धुणारंही कोणी उरलं नाही, कुरिअरनं पाठवावा लागतो, परत येईपर्यंत मी तेव्हा काय लावलं होतं तेच विसरलेली असते.

आणि काका, तळातून रोल भरायचं मला जमेल असं वाटतं, पण फेड-२ ची अख्खी पाठच निघते, ते किती सोपं आहे! शटर मागून बघता येतं. मी पहिल्यांदा रोल न घालता पाठ काढून, खिडकीकडे धरून, पडदा कसा पळतो ते बघितलं होतं. १/२५ ला आख्खी चौकट उजळते आणि १/५०० ला नुसती रेघ सरकते. त्या दिवशी मला शटर म्हणजे काय ते कळलं. बंद डब्यात हे कसं दिसणार?

आणखी एक प्रश्न. मला कोणीतरी सांगितलं की वेग आधी फिरवायचा नाही, फिल्म ओढल्यावरच फिरवायचा. का?

छोटा पाना (मुंबई)

नवीन रोल, बरोबर सांगितलंय त्यांनी. या कॅमेऱ्यात वेगाची गुंडी पडद्याच्या ड्रमला जोडलेली असते, फिल्म ओढताना आणि फोटो काढताना ती स्वतः फिरते. फिल्म ओढलेली असेल तरच गुंडीवरची खूण खऱ्या जागी असते. आधी फिरवलात तर कुठला वेग लागला ते कळणार नाही. रशियन काही कॅमेऱ्यांत तर आतली पिन अडकते आणि मग तो माझ्याकडे येतो. आधी ओढा, मग वेग, मग फोटो. फोटो काढताना त्या गुंडीला बोट लागू देऊ नका, पडदा तिथेच अडखळतो.

गेजब्लॉक (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर सगळं दोनदा वाचलं, आणि माझ्या कागदावर बरंच खोडलं.

छोटा पाना दादा, कापड. ठरलं. पाकिटातला जोड आणि छापलेलं माप, ही अट मी सगळ्यात वर लिहिली. ०.९७७ आणि १ चा फरक मी कधी आकडा मांडून पाहिलाच नव्हता, तुम्ही हातानं ओळखलात. माझ्याकडे आटा तपासायचा ३९ × १ चा प्लग गेज नाही, पण बनवून घेता येईल.

योकोहामाहून, तुमच्या बेसाचा २५ वाचून मला धक्काच बसला. मी गणित करून पाहिलं. एफ १.५ ला फिल्मच्या बाजूला मिळणारी सूट ०.०४५ मिलिमीटर, तीही ठिपक्याऐवजी ०.०३ मिलिमीटरचं धूसर वर्तुळ चालवून घेतलं तर. माझ्या एल्मारला एफ ३.५ वर ०.१ मिळते. म्हणजे आजोबांना पाया मोठा आणि गरज कमी, तुम्हाला गरज मोठी आणि पाया कमी. मग नव्या कॅमेऱ्यात चौकट एकास एक ठेवून पायाच लांबवला तर? एम-थ्रीचा पाया ६८.५ मिलिमीटर आहे. थ्री-सी साधारण १३६ मिलिमीटर लांब, दोन्ही खिडक्या थोड्या कडेला नेल्या तर ५५ सहज निघतात. मग एक खिडकी, एकास एक, ५५ चा ५५. दोन छिद्रं मला आवडतात, पण तुमच्या मुलीचा डोळा सुटू नये हे जास्त महत्त्वाचं. तेवढी माघार मी घेते. डोळ्याचा नंबर लावायचा दांडा मात्र सोडणार नाही.

अंधारखोली काका, बाबूरावांचं लिहिलंत त्यानं हुरूप आला. रोल भरण्याबाबत मात्र मी नवीन रोलच्या बाजूची आहे. खिडकीकडे धरून पडदा पळताना बघायचा, हे कारण मला सुचलंच नव्हतं. मी स्वतः थ्री-सीचा पडदा मागून कधीच पाहिलेला नाही, भोक पडलं तेव्हासुद्धा लेन्स काढून समोरूनच बघितलं. साचा तुमच्यासाठी एक जास्तीचा कापून ठेवते, पत्ता खासगी निरोपानं कळवा.

नवीन रोल, मीटरबद्दल मी अजून मनानं तयार नाही. बॅटरीचा खण आला की आठ-दहा वर्षांत त्यात गंज येतो, हे मी दुसऱ्या यंत्रांत रोज बघते. कॅमेऱ्यावर वरून बसणारा वेगळा मीटर असावा, हवा तर लावा, नको तर काढा. तोपर्यंत एक कर: रोज दुपारी बारा, तीन आणि साडेपाचला कॉलेजच्या एकाच भिंतीचा उजेड फोनवर मोज आणि आधी वहीत तुझा अंदाज लिही. आजोबांची तशी वही माझ्याकडे आहे. त्यात एल्मारचे जुने आकडे आहेत, ४.५, ६.३, ९, १२.५. पहिल्या दोन पानांवरचे त्यांचे अंदाज बरेच चुकलेले आहेत.

आता एक विनंती. ज्यांच्याकडे स्क्रू-माउंटची कुठलीही बॉडी आहे आणि जे पुण्यात आहेत, त्यांनी येत्या रविवारी सकाळी ती माझ्याकडे आणावी. माउंटपासून रुळांपर्यंतचं अंतर चार जागी डेप्थ मायक्रोमीटरनं मोजून देईन. काही उघडावं लागत नाही: लेन्स काढायची, शटर ‘टी’ किंवा ‘बी’ वर उघडं ठेवायचं. पाठ निघणाऱ्या कॅमेऱ्यांची पाठ काढून, रुळांवर सपाट काच ठेवून मोजते, बंद डब्यांच्या बाबतीत आतल्या दाबपट्टीपर्यंत मोजून रुळांचा हिशोब वेगळा लावावा लागतो. माझ्या थ्री-सीचं चारही जागी २८.८ पासून दोन शतांशांच्या आत आलं, सत्तरहून जास्त वर्षांनंतर. आकाश स्वच्छ असेल तर गच्चीवरून सिंहगडाचा टॉवर दिसतो, अनंताचा स्क्रूही लगेच तिथेच बघून लावता येईल.

अंधारखोली (कोल्हापूर)

रविवारी माझा पुतण्या पुण्यात आहे. झोर्की त्याच्याबरोबर पाठवतो. लेन्सचं कडं अजून अडकलेलंच आहे, ते तेवढं कोणीतरी आधी सोडवा.